नाताळचे जुने हॉलिवूड म्युझिकल टीव्हीने कापून दाखवावेत का? माझं मत : अजिबात नाही

तारसप्तक

डिसेंबर लागला की अमेरिकेतल्या वाहिन्यांवर ठरावीक जुने चित्रपट दरवर्षी परत येतात. 'हॉलिडे इन', 'व्हाइट ख्रिसमस', 'मीट मी इन सेंट लुईस', 'द साउंड ऑफ म्युझिक'. मला हे चित्रपट जिवापाड आवडतात, म्हणूनच हा धागा काढतोय. टीव्हीने ते कापू नयेत. जाहिरातींना जागा हवी म्हणून नाही, आणि आजच्या प्रेक्षकाला खुपेल म्हणूनही नाही.

सगळ्यात अवघड उदाहरण आधी घेतो. 'हॉलिडे इन' १९४२चा. बिंग क्रॉस्बी फक्त सणासुदीला उघडणारं एक हॉटेल चालवतो, फ्रेड अस्टेअर त्याचा प्रतिस्पर्धी, आणि प्रत्येक सणाला अर्व्हिंग बर्लिनचं एक गाणं. 'व्हाइट ख्रिसमस' हे गाणं पडद्यावर पहिल्यांदा आलं ते इथेच, आणि त्याला ऑस्करही मिळालं. याच चित्रपटात लिंकनच्या जयंतीचं 'अब्राहम' आहे. त्यात क्रॉस्बी आणि मार्जोरी रेनल्ड्स चेहरे काळे रंगवून कृष्णवर्णीयांची नक्कल करतात. कथेतलं कारण एवढंच, की नायिका अस्टेअरला ओळखू येऊ नये. गुलामी संपवणाऱ्या माणसाच्या जयंतीला हे! बघताना अंगावर काटा येतो, यात वाद नाही.

एएमसी वाहिनीने हे गाणं कापून चित्रपट दाखवला. टीसीएम ही जुन्या चित्रपटांची वाहिनी तो पूर्ण दाखवते. माझ्या मते टीसीएमचं बरोबर आहे. त्या गाण्यातलं एक कडवं लुईस बीव्हर्स गाते. ती हॉटेलची स्वयंपाकीण, स्वयंपाकघरात आपल्या दोन मुलांना घेऊन गाते. गाणं उडवलं की गोऱ्यांचा रंगवलेला चेहरा जातो, तसा एका खऱ्या कृष्णवर्णीय अभिनेत्रीचा आवाजही जातो. तिला त्या काळी मोलकरणीखेरीज भूमिका क्वचितच मिळत. वाट्याला आलेलं तेवढं कडवंही आपण काढून घ्यायचं?

पुढची गोष्ट याहून बोलकी आहे. १९५४च्या 'व्हाइट ख्रिसमस'मध्ये 'अब्राहम'ची तीच चाल परत येते, पण शब्दांशिवाय. व्हेरा-एलन आणि जॉन ब्रॅशिया तिच्यावर निव्वळ नाचतात. बारा वर्षांत शब्द गेले, रंग गेला, चाल तेवढी राहिली. आधीचा चित्रपट कापलेला पाहिला असेल तर हे कळणार कुठून? त्याच 'व्हाइट ख्रिसमस'मध्ये मिन्स्ट्रेल शो, म्हणजे गोरे कलाकार चेहरे काळे रंगवून कृष्णवर्णीयांची नक्कल करत ते जुने कार्यक्रम, किती छान होते असं आळवणारं एक गाणंही आहे. त्यात चेहरे रंगवलेले नाहीत, म्हणून ते बिनबोभाट दाखवलं जातं. म्हणजे कात्री विचाराला लागत नाही, फक्त रंगाला लागते.

वेळेसाठी कापणं तर मला मुळीच पटत नाही. 'साउंड ऑफ म्युझिक' १७४ मिनिटांचा. एनबीसीने तो १९७९पासून वीसेक वर्षं दाखवला, आणि सुरुवातीला त्यातली सुमारे अर्धा तासाची फिल्म काढून टाकली होती. म्युझिकलमध्ये कथा गाण्यांतून पुढे सरकते. गाणं आखूड केलं की पुढच्या प्रसंगात पात्रं अशी का वागतात तेच समजत नाही.

पूर्ण दाखवा. आधी दोन मिनिटं कुणीतरी समोर बसून काय येणार आहे ते सांगा. नाहीतर दाखवू नका.

निळीशाई

"नाहीतर दाखवू नका" याला माझा ठाम विरोध आहे. हे चित्रपट आज आपल्याला माहीत आहेत ते टीव्हीने केलेल्या हालअपेष्टांसकट.

'इट्स अ वंडरफुल लाइफ' घ्या. म्युझिकल नाही, पण नाताळचा टीव्ही म्हटलं की पहिलं नाव त्याचंच. १९४६ साली आला तेव्हा अपेक्षेएवढा चालला नाही. कॉपीराइटची मुदत २८ वर्षांची होती, आणि १९७४ साली नूतनीकरणाचा अर्जच केला गेला नाही. मग स्थानिक वाहिन्यांनी तो फुकटात उचलला. खरवडलेल्या प्रती, मध्येच उडणारे प्रसंग, दर दहा मिनिटांनी गाड्यांच्या जाहिराती. पण डिसेंबरात जिकडे बघावं तिकडे तोच लागलेला! त्या वीस वर्षांत अमेरिकेतली एक पिढी तो पाहत मोठी झाली. पुढे १९९३मध्ये रिपब्लिक पिक्चर्सने मूळ कथेच्या आणि संगीताच्या हक्कांचा आधार घेऊन तो परत ताब्यात घेतला, आणि १९९४पासून तो एनबीसीकडे गेला. आता प्रत सुंदर, आणि प्रक्षेपण वर्षातून मोजक्याच वेळा. तुमचा नियम १९७५ साली लागू असता तर तो चित्रपट तिजोरीतच राहिला असता.

'विझर्ड ऑफ ऑझ'ची गोष्ट याहून मोठी. सीबीएसने तो ३ नोव्हेंबर १९५६ला पहिल्यांदा दाखवला आणि १९५९पासून दरवर्षी. तेव्हा बहुतेक घरांत कृष्णधवल संच होते. डोरोथी दार उघडते आणि सगळं रंगीत होतं, हा चित्रपटाचा प्राण. तोच लाखो मुलांना वर्षानुवर्षं दिसला नाही! तरी त्यांनी त्या चित्रपटावर प्रेम केलंच. शुद्धतेचा आग्रह ज्यांच्याकडे आधीच सगळं आहे त्यांना परवडतो.

पीचट्री

तारसप्तक, तुमचं लुईस बीव्हर्सबद्दलचं म्हणणं मला लागलं, आणि तरीही मी तुमच्या विरोधात आहे.

आम्ही अटलांटाजवळ राहतो. सुट्टीच्या दुपारी दिवाणखान्यात टीव्ही लागलेला असतो आणि शेजारची मुलंही येऊन बसतात. त्यांतली निम्मी कृष्णवर्णीय आहेत. सात-आठ वर्षांची पोरं नाताळची गाणी ऐकायला बसलीत, आणि मध्येच हा प्रकार येणार. तुमची दोन मिनिटांची प्रस्तावना तेव्हा कुणी ऐकलेली नसते. दुपारी टीव्ही कुणी पहिल्यापासून बघत नाही, येता-जाता बघतात.

इतिहास लपवू नये, मान्य. पण तो कुणाच्या अंगावर आणि कुठल्या वेळी टाकायचा याचाही विचार नको का? या प्रसंगातून तुम्हाला आणि मला अमेरिका समजते. शेजारच्या त्या मुलीला त्यातून एकच गोष्ट समजेल, की जो गोड आवाजाचा माणूस सगळ्यांना आवडतो तो तिची टिंगल करतोय. तुमच्या अभ्यासाची किंमत तिने का मोजायची? कौटुंबिक वेळेत एएमसीने केलं तेच मला योग्य वाटतं.

तारसप्तक

@पीचट्री, वेळेचा मुद्दा मान्य. दुपारी तो चित्रपट लावूच नये. पण "दुपारी लावू नका" आणि "कापून लावा" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कापलेला 'हॉलिडे इन' त्या मुलीला असं सांगतो की १९४२चं हॉलिवूड गोड, बर्फाळ आणि निष्पाप होतं. मला ते जास्त घातक वाटतं, कारण ती खोटी आठवण आहे, आणि ती मोठेपणीही तीच घेऊन फिरेल.

@निळीशाई, कॉपीराइट सुटल्यामुळे चित्रपट जगला हे खरं. पण त्याचं श्रेय फुकट मिळण्याला आणि वारंवार दाखवण्याला द्या, कात्रीला देऊ नका. आणि त्याच चित्रपटाचं पुढे काय झालं ते का सोडलंत? हक्क सुटलेले असल्यामुळेच १९८६मध्ये त्या कृष्णधवल चित्रपटाची संगणकाने रंगवलेली आवृत्ती निघाली. दिग्दर्शक फ्रँक काप्रा आणि नायक जेम्स स्टुअर्ट, दोघांनीही विरोध केला. स्टुअर्टने तर अमेरिकन संसदेपुढे जाऊन आपलं म्हणणं मांडलं.

चौकट

सगळे कात्रीबद्दल बोलताय. कात्री निदान दिसते तरी. मला जास्त राग आहे तो न दिसणाऱ्या कापणीचा, म्हणजे पॅन अँड स्कॅनचा. रुंद चित्राचा एकच तुकडा टीव्हीच्या चौकटीत दाखवायचा, बाकीचा सोडून द्यायचा.

जुन्या टीव्हीच्या पडद्याची रुंदी आणि उंची १.३३ : १. 'सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स' (१९५४) सिनेमास्कोप या अतिरुंद पद्धतीत, २.५५ : १. चित्राची उंची पडद्याला बसवली की रुंदीतला जवळजवळ अर्धा भाग बाहेर. मायकेल किडने बसवलेला कोठार बांधण्याच्या जत्रेतला नाच आठवा. भाऊ, मुली आणि गावातले त्यांचे प्रतिस्पर्धी अख्ख्या पडद्यावर एका रांगेत पसरलेले असतात, आणि एका टोकाला कुणी उडी मारली की दुसऱ्या टोकाकडून तिला जबाब येतो. पॅन अँड स्कॅनमध्ये टीव्हीचा तंत्रज्ञ ठरवणार, तुम्ही कुठलं टोक बघायचं. उडी दिसते, जबाब नाही. एकही मिनिट न कापता नाच मेला!

एमजीएम या स्टुडिओला हा धोका थिएटरांच्या बाबतीत तेव्हाच दिसला होता. सिनेमास्कोपची सोय नसलेल्या ठिकाणांसाठी त्यांनी तोच चित्रपट साध्या चौकटीतही वेगळा चित्रित करून ठेवला. 'व्हाइट ख्रिसमस' मात्र टीव्हीवर तसा बचावला. तो व्हिस्टाव्हिजनमधला पहिला चित्रपट. त्या पद्धतीत भर होता मोठ्या निगेटिव्हवर आणि स्वच्छ चित्रावर, अवाढव्य रुंदीवर नाही. त्यामुळे चौकोनी संचावर कडेचं थोडंच गेलं.

आणखी एक गोष्ट, पेटी वाजवणाऱ्यांसाठी. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. आपल्याकडच्या टीव्हीची जुनी पाल पद्धत २५ची. फिल्मवरून थेट पालसाठी प्रत काढली की चित्रपट चार टक्के वेगाने पळतो, आणि आवाज वेगळा दुरुस्त केला नाही तर सूरही चढतो. किती? पांढरी एक आणि काळी एक यांच्यात जेवढं अंतर, त्याच्या जवळजवळ पाऊणपट. १७४ मिनिटांचा 'साउंड ऑफ म्युझिक' १६७ मिनिटांत संपतो. नव्वदच्या दशकात आपल्याकडे कार्टून नेटवर्क संपलं की त्याच वाहिनीवर टीएनटी सुरू व्हायचं आणि जुने एमजीएम चित्रपट लागायचे. अनेकांची या गाण्यांशी ओळख तिथेच झाली. पुढे त्यांचे व्हिडिओ आणि टीव्हीसाठीच्या ज्या प्रती इथे पाहिल्या, त्यांतली गाणी मूळ पट्टीत होती की नाही हे सांगणंही अवघड आहे.

तेव्हा "पूर्ण दाखवा" म्हणताना मिनिटं मोजून थांबू नका. चौकट आणि वेगही मोजा.

शुक्रतारा

चौकट यांच्याशी सहमत. अस्टेअरचा आग्रहच असा होता, की नाचताना आपण डोक्यापासून पायापर्यंत दिसायला हवं आणि मध्ये शक्यतो कट नको. त्याच्या पायाखाली वाहिनीच्या पुढच्या कार्यक्रमाची पट्टी सरकते तेव्हा मला ओरडावंसं वाटतं.

वसईकर

मी ख्रिस्ती, वसईचा. आमच्याकडे नाताळ म्हणजे मध्यरात्रीची मिसा, गोठा, नातेवाइकांकडे पाठवायचा फराळ. त्यामुळे या चित्रपटांकडे मी जरा वेगळ्या बाजूने बघतो. तारसप्तक, तुम्ही 'मूळ' जपायला सांगताय. नाताळच्या चित्रपटांत मूळ कुठलं?

'साउंड ऑफ म्युझिक'मध्ये नाताळ नाहीच. एबीसीने २००२पासून तो डिसेंबरात लावायला घेतला आणि तो नाताळचा होऊन बसला. 'मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट' १९४७च्या उन्हाळ्याच्या तोंडावर प्रदर्शित झाला होता. 'मीट मी इन सेंट लुईस' १९०३च्या उन्हाळ्यात सुरू होतो आणि १९०४च्या वसंतात, जागतिक प्रदर्शनापाशी संपतो. त्यात नाताळ हा एक ऋतू. हे चित्रपट या सणाचे केले ते टीव्हीनेच. त्याच टीव्हीला "तू हात लावू नकोस" कसं म्हणणार?

आणि स्टुडिओ काय कमी कापत होते? 'सेंट लुईस'चं संकलन करताना लांबी जास्त झाली म्हणून हॅलोवीनचा अख्खा भाग काढायचं चाललं होतं. काढून पाहिला, चित्रपट लंगडा झाला, म्हणून परत घातला. त्यातल्या 'हॅव युअरसेल्फ अ मेरी लिटल ख्रिसमस' या नाताळच्या गाण्याचे गीतकार ह्यू मार्टिनचे पहिले शब्द फार उदास होते. हा कदाचित तुझा शेवटचा नाताळ असेल, अशा अर्थाचे. लहान मुलीपुढे मी हे गाणार नाही, असं नायिका जूडी गार्लंडने सांगितलं, आणि शब्द बदलले. म्हणजे समोरच्या मुलाचा विचार करून बदल करणं हे त्या चित्रपटाच्या जन्मातच आहे. पीचट्री यांचं म्हणणं मला गार्लंडच्या जवळचं वाटतं.

तारसप्तक

वसईकर, उदाहरण उत्तम, पण ते माझ्या बाजूचं आहे. गार्लंडने बदल मागितला तो गाणं चित्रित होण्याआधी, स्वतः गाणारी म्हणून. आणि बदलूनही ते गाणं उदासच राहिलं. कसंबसं निभावून नेऊ, ही ओळ त्यात आहेच. ऐकून नायिकेची छोटी बहीण टूटी रडत बाहेर धावते आणि बर्फाची माणसं फोडून टाकते. १९५७मध्ये गायक फ्रँक सिनात्राने आपल्या रेकॉर्डसाठी ती ओळ बदलून घेतली, तेव्हा तिथे चकाकती चांदणी आली. आज दुकानांत वाजतं ते बहुधा हेच. पण कुणी चित्रपटात जाऊन गार्लंडच्या तोंडी चांदणी बसवली नाही. नवं करायचं तर नवं करा, आधीचं आहे तिथे राहू द्या. हॅलोवीनचंही तेच. ज्यांनी घडवलं त्यांनी काढून पाहिलं आणि चूक कळल्यावर परत घातलं. वाहिनीला परत घालायची गरज कधी वाटते?

निळीशाई

मग निदान व्यवहाराचं बोलू या. १९८८च्या अमेरिकन फिल्म जतन कायद्यात एक चांगली तरतूद होती. राष्ट्रीय यादीत घेतलेला चित्रपट रंगवला किंवा मोठ्या प्रमाणात बदलला, तर तसं लेबल लावायचं. १९८९च्या पहिल्या २५ चित्रपटांत 'विझर्ड ऑफ ऑझ' आणि 'सिंगिंग इन द रेन' होते. वाहिन्यांनी हेच स्वतःहून, सगळ्याच चित्रपटांसाठी करावं. किती मिनिटं काढली, कुठला प्रसंग काढला, चौकट बदलली का, हे सुरुवातीला स्पष्ट लिहायचं. कापा, पण कापलं असं सांगा. तारसप्तक, एवढं चालेल?

तारसप्तक

काहीच नसण्यापेक्षा बरं. पण लेबल वाचून लुईस बीव्हर्सचा आवाज ऐकू येत नाही.

पीचट्री

मला लेबल हवंय, आणि ते कार्यक्रमपत्रिकेतच हवंय, टीव्ही लावायच्या आधी दिसेल असं. पूर्ण चित्रपट रात्री दहाला दाखवा, मी स्वतः जागून बघेन, आणि बीव्हर्सचं कडवं ऐकेन. मुलं बारा-तेराची झाली की त्यांनाही शेजारी बसवेन आणि काय चाललंय ते सांगेन. पण दुपारी चारचा खेळ लागणारच असेल, आणि वाहिन्या तो लावतातच, तर तो कापलेलाच हवा. यावर माझं मत बदललेलं नाही.