गॅरी स्नायडर: कविता की सामानाची यादी?

घाटवाट (धागाकर्ता)
गेल्या आठवड्यात इथे कुणीसं अमेरिकन कवी गॅरी स्नायडरबद्दल लिहिलं, "स्नायडर म्हणजे दगड, पाइन, कुऱ्हाड यांची यादी. ओळी तोडल्या म्हणून कविता म्हणायचं." त्यावर माना डोलावणारे पाहून हा धागा काढला.

१९५५च्या उन्हाळ्यात तो कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या डोंगरात वाटा बांधणाऱ्या टोळीत कामाला होता. गुळगुळीत ग्रॅनाइटवर खेचरांचे पाय घसरतात, म्हणून चढावर दगड बसवायचे. सिमेंट नाही. लांब बाजू डोंगराच्या पोटात, बाहेर फक्त तोंड. वरचा दगड खालच्या दोघांच्या सांध्यावर. मग वर उभं राहून डुलून बघायचं. हलला तर खाली चिपा ठोकून वेळ मारून न्यायची नाही, उचलून पुन्हा बसवायचा. फटीतलं पाणी हिवाळ्यात गोठून फुगतं आणि चिपेवरचा दगड पहिला सुटतो.

'रिपरॅप' (१९५९) हे त्याचं पुस्तक ह्याच कामातून आलं; रिपरॅप म्हणजे असे बसवलेले दगड. आखूड, टणक शब्द, मधली जोडकामं गाळलेली. पाच आणि सात अक्षरी चिनी ओळींचाही त्यावर परिणाम आहे, हे त्यानेच सांगितलंय. तेव्हा "यादी" म्हणणाऱ्यांनी त्यातला एक शब्द काढून दाखवावा.

कोरा_कागद
ते "कुणीसं" म्हणजे मीच, नाव घ्यायला हरकत नव्हती.
गवंडीकाम अचूक असलं की कविता चांगली, हे कुठलं शास्त्र? 'रिपरॅप' सोडून देतो, हवं तर. पण 'टर्टल आयलंड' ह्या त्याच्या पुस्तकाला (१९७४) पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं आणि त्याच पुस्तकात 'फोर चेंजेस' छापलंय: लोकसंख्या, प्रदूषण, उपभोग, परिवर्तन. हे पत्रक आहे. त्यातली 'कंट्रोल बर्न' (मुद्दाम, ताब्यात ठेवून लावलेली आग) ही कविता तर वनखात्याला दिलेला अर्ज.

तिरकस
सगळा घोळ कादंबरीकार जॅक केरुआकने घातला. त्याच्या 'द धर्मा बम्स'मधला, स्नायडरवरून बेतलेला जॅफी रायडर वाचून लोक स्नायडरकडे येतात आणि डोंगरातला हसरा झेन बाबा शोधत बसतात. खरा माणूस १९५२ला क्रेटर माउंटनवर आणि १९५३ला सावरडोवर वणव्यांच्या टेहळणीच्या चौकीत होता. १९५४ला राजकीय संशयावरून नोकरी नाकारली गेली. १९५५ला सॅन फ्रान्सिस्कोच्या सिक्स गॅलरीतल्या काव्यवाचनात त्याने 'अ बेरी फीस्ट' ही कविता वाचली, पण त्याच रात्री कवी ॲलन गिन्सबर्गची 'हाउल' झाली, मग हिला कोण विचारतो! १९६२त गिन्सबर्गबरोबर अजिंठा-वेरूळ बघून गेला. आपल्याकडे त्यातही गिन्सबर्गच लक्षात राहिला.

रानभूल
@तिरकस, केरुआक पुरे.
@कोरा_कागद, 'कंट्रोल बर्न' अर्ज वाटतो कारण तिथल्या आगीचा हिशोब तुम्हाला माहीत नाही. १९३५पासून चार दशकं अमेरिकन वनखात्याचा नियम होता: आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी १०च्या आत आटोक्यात. त्याआधी तिथले मूळ रहिवासी निसेनान लोक खालचं रान अधूनमधून जाळत. ते थांबल्यावर मँझनिटाची झुडपं माजली. तिथे जमिनीलगत किटकिटडिझी नावाची झुडपीही असते, पानं चिकट, तेलकट. तिचंच नाव त्याने कॅलिफोर्नियातल्या सॅन हुआन रिज ह्या डोंगरधारेवरच्या घराला दिलं.

जाळायचं कसं? पावसाची पहिली सर पडून गेल्यावर. वरच्या पाइनच्या सुया (पानं) वाळलेल्या, खालचा कुजका थर दमट. आधी जाळरेषा, माती उघडी पडेपर्यंत खरवडलेली. झाडांच्या खालच्या फांद्या डोक्याच्या वरपर्यंत छाटायच्या, नाहीतर ज्वाळा त्यांवरून शेंड्याला चढते. पेटवायचं उताराच्या वरच्या टोकाला, म्हणजे आग सावकाश खाली सरकते. खालून लावली तर धावत सुटते. आणि सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: जुन्या पाइनच्या बुंध्याशी साठलेला सुयांचा ढीग आधी ओढून काढत नाहीत. तो आत धुमसत राहतो, बारीक मुळं भाजतात आणि वरून धडधाकट दिसणारं झाड मागाहून वाळतं.

घाटवाट
धागा कवितेचा आहे हो.

कोरा_कागद
राहू द्या, चांगलं चाललंय. कोकणात राब भाजतात त्याला कुणी पुलित्झर दिलं नाही.

रानभूल
राबाचा इथे काय संबंध? राबात पालापाचोळा, शेण आणून वाफ्यावर रचतात. राख हवी असते आणि तणाचं बी मारायचं असतं. इथे साठलेलं जळण कमी करायचंय, बी उलट जगवायचंय. कवितेतच आहे: मँझनिटाचं बी उघडतं ते आग वरून गेल्यावर, नाहीतर अस्वलाच्या पोटातून बाहेर पडल्यावर. वाचली आहे ना कविता? की नुसतं शीर्षक?

कोरा_कागद
वाचली आहे, आवाज खाली. अस्वल मान्य. अख्ख्या कवितेत तेवढंच चांगलं आहे. बाकी गिन्सबर्ग वगैरे भागीदार घेऊन डोंगरात १०० एकर घ्यायचे आणि उपभोग कमी करा म्हणून जगाला सांगायचं, हे सोपं असतं.

रानभूल
सोपं? १९७०ला तिथलेच पाइन तोडून, सोलून खांब केले आणि घर उभारलं. वीज नव्हती, रॉकेलचे दिवे होते.

तिरकस
रॉकेल तिथल्याच पाइनमधून गळायचं का?

घाटवाट
त्याच्या 'ॲक्स हँडल्स' कवितेबद्दल कुणीच बोललं नाही. मुलाच्या छोट्या कुऱ्हाडीला दांडा नाही, म्हणून मोडक्या मोठ्या कुऱ्हाडीचा दांडा दुसऱ्या कुऱ्हाडीने तासायचा. माप हातातल्या दांड्यावरूनच घ्यायचं. मग हेच लिहिणारा जुना चिनी कवी लू जी आठवतो, मग ते शिकवणारे प्रा. चेन. ही पण यादीच का?

कोरा_कागद
नाही. ती कविता आहे. पण शेवटी (ज्याच्याकडून ती ओळ आधी कळली त्या कवी एझ्रा पाउंडलाही धरून) "पाउंड कुऱ्हाड होता, चेन कुऱ्हाड होते, मी कुऱ्हाड आहे" असं फोड करून सांगायची गरज नव्हती. दांडा तासून झाला तिथेच थांबायला हवं होतं.

रानभूल
ते काढलं तर मुलगा पुढे दांडा होणार, हे कुठून येणार?