अनुभव धागा: दोन अंकी गुणाकार आणि ती दुसरी ओळ

कृष्णाकाठची
काल सांगलीला भाचीची वही बघितली. ३४ × २६. पहिली ओळ २०४, बरोबर. दुसरी ओळ ६८, तीही २०४ च्या बरोब्बर खाली, उजवीकडे चिकटून. बेरीज २७२. लगेच आमच्या चौथीच्या बाई आठवल्या. दुसरी ओळ सुरू करायच्या आधी एककाच्या घरात फुली मारायला लावायच्या, आणि फुली का ते सांगितल्याशिवाय पेन्सिल टेकवू द्यायच्या नाहीत. २६ मधला २ म्हणजे वीस. ३४ गुणिले २० म्हणजे ६८०. उत्तर ८८४. इतकं नीट कुणी समजावलं की जन्मभर पुरतं. तुमचे अनुभव लिहा ना, शिकणारे शिकवणारे सगळेच.

कोरेगावकर
आमच्या घरी आजोबा म्हणतात फुली मार, शाळेत सांगतात शून्य लिही. पोरगं मधल्यामधे रडकुंडीला.

जतची_बाई
शून्यच लिहू द्या, बेरजेला सोपं जातं. मी झेडपीत चौथीला आहे. आधी चौकट करून घेते. वर ३० आणि ४, बाजूला २० आणि ६. चार घरं भरायची: ६००, ८०, १८०, २४. मग बेरीज. उभी मांडणी त्यानंतरच.
आणि हातचा!! ६ चोक २४, हातचा २ डोक्यावर लिहितात, तो खोडत नाहीत. मग दुसऱ्या ओळीत २ त्रिक ६ ला तोच २ परत मिळवतात. ६८० चे ८८०, उत्तर १०८४. पोरगं म्हणतं बाई पाढे तर सगळे बरोबर आहेत. खरंच बरोबर असतात हो, म्हणून रागावू नये. पहिली ओळ झाली की हातचा खोडायचा, एवढीच सवय लावायची.

तासगाव_वेस
अण्णा आधी अंदाज विचारायचे. दोन्ही तीस धर, तीस त्रिक नव्वद, म्हणजे ९०० च्या आसपास. २७२ आलं की वही न बघताच म्हणायचे परत कर

वाईची_सून
२०१९ ला दुसरीच्या पुस्तकात एकवीसऐवजी 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. पण बाईंची चौकट तेच तर करते, वीस वेगळे सहा वेगळे. माझ्या लेकीला त्यानेच कळलं.

कोरेगावकर
स्कॉलरशिप मधे पाचवीला गेली होती ना? आमच्या वेळी चौथीला होती

जतची_बाई
हो, २०१७ पासून पाचवीला होती. आठवीला दुसरी.

कृष्णाकाठची
बाई चौकटीचा फोटो टाका ना प्लीज, भाचीला दाखवते

जतची_बाई
टाकते संध्याकाळी. आत्ता पोषण आहाराची नोंद भरतेय

तासगाव_वेस
@वाईची_सून ताई, पाऊस आहे का तिकडं? रविवारी मेणवलीला यायचं म्हणतोय, पोरं मागं लागलीत

वाईची_सून
आहे की. या, पण घाटाच्या पायऱ्या निसरड्या झाल्यात, पोरांचा हात सोडू नका. जेवायला आमच्याकडेच या.