सोसायटी ग्रुप : नोकरी गेली आहे, ओळखीत काही असेल तर सांगा

बी-604 : नमस्कार मंडळी. हा ग्रुप पाणी आणि पार्किंगसाठी आहे हे माहीत आहे. इथे लिहिणं योग्य नसेल तर सेक्रेटरींनी सांगावं, काढून टाकतो. गेल्या महिन्यात आमच्या कंपनीने आमचा पूर्ण प्रोजेक्ट बंद केला आणि माझी नोकरी गेली. सॉफ्टवेअरमध्ये 14 वर्षं झाली आहेत. कोणाच्या कंपनीत काही ओपनिंग असेल तर कृपया कळवा.

सेक्रेटरी : काढू नका. पाण्याचा टँकर येणार की नाही याइतकंच हेही सोसायटीचं काम आहे.

ए-201 : धीर सोडू नकोस रे. घरी चहाला ये.

सी-703 : दादा, वाचून खरंच वाईट वाटलं. मी रिक्रूटमेंटमध्ये आहे, म्हणून सरळ कामाचं बोलते. ‘काही ओपनिंग असेल तर कळवा’ हे वाचून प्रत्येकाला हळहळ वाटते, पण कोणाला काही करता येत नाही. आपल्या ऑफिसातल्या नेमक्या कोणाला विचारायचं, हे त्यातून समजतच नाही. चार-पाच ओळींत लिहा : काम काय करता, कुठल्या क्षेत्रात, कुठली टूल्स, कोणत्या पदाचं काम हवंय, पुण्याबाहेर चालेल का आणि कधी जॉइन होऊ शकता. वाचणाऱ्याने एक अक्षरही न बदलता पुढे पाठवावं, असा मेसेज हवा. बायोडेटा इथे टाकू नका. त्यावर पत्ता, नंबर, जन्मतारीख सगळं असतं. जो मागेल त्यालाच द्या.

बी-604 : ताई, धन्यवाद. पुन्हा लिहितो.
सॉफ्टवेअर टेस्टिंग, मॅन्युअल आणि ऑटोमेशन, 14 वर्षं. शेवटची काही वर्षं बँकिंगमध्ये : पेमेंट्स आणि कर्जाच्या सिस्टिम्स. सेलेनियम, जावा, एपीआय टेस्टिंग. टीम सांभाळली आहे, पण हाताने काम करणंही चालू आहे. टेस्ट लीड किंवा ऑटोमेशन लीडचं काम हवं. पुणे पहिली पसंती, मुंबई आणि बंगळुरूही चालेल. लगेच जॉइन होऊ शकतो.

सी-703 : हे छान झालं. शेवटची ओळ तर सगळ्यात वर घ्या. आपल्या आयटीत नोटीस पीरियड बहुतेक ठिकाणी 60 ते 90 दिवसांचा असतो. प्रोजेक्ट अडलेला मॅनेजर तीन महिने थांबायला तयार नसतो. नोकरीवरून कमी केल्याचं लपवण्यासारखं काही नाही, उलट लगेच येणारा माणूस त्याला हवाच असतो. नोकरी डॉट कॉमवरही नोटीस पीरियड बदला. आम्ही शोधताना तो फिल्टर पहिल्यांदा लावतो.

ए-1102 : अहो, मी खराडीला बँकिंग सॉफ्टवेअरच्या कंपनीतच आहे! रोज लिफ्टमध्ये भेटतो आपण, पण तुम्ही पेमेंट्सच्या टेस्टिंगमध्ये आहात हे मला आज कळलं. आमच्याकडे अशी एक जागा निघाल्याचं कानावर आहे. उद्या बघून सांगतो. तोवर एक करा, आमच्या कंपनीच्या साइटवर स्वतः अर्ज करू नका.

बी-604 : का बरं?

ए-1102 : बऱ्याच कंपन्यांत एकदा तुमचं नाव सिस्टिममध्ये गेलं, तुम्ही स्वतः भरलेलं असो की एखाद्या कन्सल्टन्सीने, की पुढचे काही महिने रेफरल (आतल्या कर्मचाऱ्याने केलेली शिफारस) लागत नाही. अर्ज शेकडो आलेले असतात. रेफरलने निवड होत नाही, पण बायोडेटा कोणीतरी उघडून वाचेल याची शक्यता खूप वाढते. मी तेवढंच करू शकतो, पण तेवढं नक्की करीन. आणि कुठल्याही कन्सल्टन्सीला ‘कुठेही पाठवा’ असं मोघम सांगू नका. कंपनीचं नाव विचारून मगच होकार द्या.

सी-703 : अगदी बरोबर. एकच बायोडेटा तीन वाटांनी आला की आमच्याकडे त्यावरून वाद होतात आणि उमेदवार मागे पडतो. ज्यांच्याकडून रेफरल मागायचा त्यांना जॉब आयडी (कंपनीने त्या जागेला दिलेला नंबर) शोधून द्या. ‘तुमच्या कंपनीत बघा ना’ म्हटलं की ते काम त्यांच्या अंगावर पडतं आणि राहून जातं.

ए-201 : लिफ्टवरून आठवलं. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचो, तेव्हा हे दरवर्षी सांगायचो. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1970 च्या सुमारास बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं, की कामाची खबर कुठून लागली. निम्म्याहून जास्त लोकांना ती ओळखीतून लागली होती. पण ती ओळख जवळची नव्हती! बहुतेकांनी सांगितलं, की त्या माणसाशी आमची भेट अधूनमधून किंवा क्वचितच व्हायची. कारण उघड आहे. जवळच्या मित्रांना जे ठाऊक असतं ते आपल्याला आधीच ठाऊक असतं. लांबच्या माणसाचं वर्तुळ वेगळं, म्हणून त्याच्याकडची खबरही वेगळी. तेव्हा जुने सहकारी, कॉलेजचे वर्गमित्र, मुलांच्या शाळेतले पालक, गणपती मंडळातले लोक, सगळ्यांना कळव. सख्ख्या मित्रांपुरतं ठेवू नकोस.

बी-604 : सर, तिथेच पाय अडतो. पाच वर्षांत ज्यांना फोन केला नाही, त्यांना आता गरज पडली म्हणून कसा करायचा?

ए-201 : नोकरी मागू नकोस, माहिती माग. ‘तुमच्याकडे टेस्टिंगचं काम कसं चाललंय, कोणाशी बोलावं?’ एवढंच. याला नाही म्हणणारे फार थोडे. माझ्या विद्यार्थ्यांचे असे फोन आले की मला बरंच वाटतं.

बी-302 : मी कधी ग्रुपवर लिहीत नाही. आज हे सगळं वाचून लिहितेय. आमच्याकडेही दिवाळीपासून हेच चालू आहे. मिस्टरांनी कोणाला सांगू दिलं नव्हतं, आत्ता त्यांना विचारूनच लिहितेय. ऑटोमोबाइलमध्ये परचेसला होते : कास्टिंग आणि फोर्जिंगचे व्हेंडर, 20 वर्षं. एसएपी येतं. चाकण, तळेगाव, रांजणगाव कुठेही चालेल.

डी-105 : वहिनी, माझं अख्खं आयुष्य चाकणला गेलंय. कास्टिंगवाला परचेसचा माणूस आमच्या दोन सप्लायरना हवाच असतो. अशा छोट्या कारखान्यांच्या जाहिराती कुठेच येत नाहीत, मालक तोंडी विचारतात. दादांना आज रात्री जेवणानंतर खाली पाठवा. त्यांच्यासमोरच फोन लावतो.

बी-302 : 🙏 पाठवते.

ए-407 : एक कळकळीची विनंती. नोकरीसाठी कोणी पैसे मागितले तर द्यायचे नाहीत, मग ती रजिस्ट्रेशन फी असो, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट किंवा व्हेरिफिकेशन. माझ्या भावाला मोठ्या कंपनीच्या नावाने हुबेहूब ऑफर लेटर आलं होतं, ईमेल मात्र जीमेलचा. पैसे गेले. टेलिग्रामवर रेटिंग देण्याची ‘टास्क’ देतात, आधी थोडे पैसे खरंच जमा करतात, मग आपल्याकडून भरून घेतात. असं झालं तर लाजून गप्प बसू नका, त्याच क्षणी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

सेक्रेटरी : हे पिन करतो.

सी-1004 : मी सीए आहे. दोन्ही घरांसाठी सांगतो. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम सहसा नोकरीबरोबर संपतो, कधी थोडा पुढे चालतो. तो संपायच्या आतच त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करा, म्हणजे आधीच्या वर्षांचं वेटिंग पीरियडचं (जुन्या आजारांना कव्हर मिळेपर्यंत थांबायचा काळ) क्रेडिट मिळतं. घरात बीपी-शुगर असेल तर हे सगळ्यात आधी. संपला असेल तर नवी पॉलिसी लगेच बघा. ग्रॅच्युइटी : 5 वर्षं झाली असतील तर तो तुमचा हक्क आहे, दर वर्षामागे मुख्यतः बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) धरून 15 दिवसांचा पगार, महिन्याचे दिवस 26 मोजून. 30 दिवसांत मिळायला हवी, नाही मिळाली तर लेखी मागा. पीएफला शक्यतो हात लावू नका. यूएएन (पीएफचा तुमचा कायमचा नंबर) तोच राहतो, नव्या नोकरीत ट्रान्सफर करा. गृहकर्जाचा हप्ता अडणार असं वाटलं तर तो चुकायच्या आधी बँकेत जाऊन बोला. एकदा चुकला की सिबिलवर दिसतो आणि बोलणंही अवघड होतं. रिलीव्हिंग लेटर हातात आलंय ना, तेही बघा.

बी-604 : मेडिक्लेमचं डोक्यातच नव्हतं. आईला शुगर आहे. पॉलिसी या महिनाअखेरपर्यंत आहे, उद्या पहिलं तेच.

डी-302 : आपल्या गेटवरच्या दादांचा मुलगाही काम शोधतोय. आयटीआय फिटर, अप्रेंटिसशिप झालेली. ते बिचारे या ग्रुपवर नाहीत, म्हणून मी लिहिते.

डी-105 : फिटर मिळत नाहीत म्हणून आम्ही रडतोय ताई! सर्टिफिकेट घेऊन परवा सकाळी माझ्याबरोबर गाडीत येऊ दे. शिवाय राज्य सरकारच्या महास्वयम् आणि केंद्राच्या एनसीएस (नॅशनल करिअर सर्व्हिस) या नोकरीच्या पोर्टलवर त्याचं नाव नोंदवून टाका, दोन्हीकडे फुकट आहे. रोजगार मेळाव्यांची माहिती महास्वयम् वर येते.

सेक्रेटरी : ‘कामाच्या खबरी’ असा वेगळा ग्रुप काढला आहे, लिंक देतो. तिथे फक्त दोन प्रकारचे मेसेज : जागा आहे किंवा काम हवं आहे. जागा टाकताना ती स्वतःच्या माहितीतली आहे की फॉरवर्ड, हे लिहायचं. जागा भरली की तेही लिहायचं, म्हणजे लोक उगाच फोन करत बसणार नाहीत. घरकाम, ड्रायव्हर, नर्सिंग, दुकान, सगळं चालेल.

सी-703 : रविवारी 11 ला मी क्लबहाउसमध्ये बसते. बायोडेटा छापून आणा, एकेक बघू. बी-302 च्या दादांनीही नक्की यावं, एवढ्या अनुभवाचा बायोडेटा दोन पानांत बसवायला वेळ लागतो.

ए-1102 : बी-604, आत्ताच चेक केलं. जागा आहे, ऑटोमेशन लीड, खराडी. जॉब आयडी तुम्हाला वेगळा पाठवलाय. जेडी (त्या जागेच्या कामाचं वर्णन) नीट वाचा, त्यातली जी कामं तुम्ही केली आहेत ती बायोडेटात वर घ्या आणि उद्या दुपारपर्यंत पीडीएफ द्या.

बी-604 : सकाळीच देतो.