मदत हवी आहे: तीन वर्षांपासून चर्चला जात नाही, आईच्या प्रभुभोजनाचं काय करू?

सलाम आणि नमस्कार मंडळी,

पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या. विषय घरचा आहे आणि धर्माचाही. ख्रिस्ती वाचकांना लगेच कळेल, बाकीच्यांसाठी जागोजागी दोन शब्द जास्त लिहिलेत.

आम्ही मूळचे नगरचे, प्रॉटेस्टंट. लग्नानंतर मी चिंचवडला आले आणि २०१९ साली वडील गेल्यावर आईलाही इकडेच आणलं. ती आता ७६ वर्षांची आहे. बाळंतपणं आणि एकदाचा टायफॉइड सोडला तर रविवारची उपासना तिने पूर्वी कधी चुकवलेली नव्हती, असं तीच सांगते. मीही संडे स्कूल, तरुण संघ, नाताळची नाटकं यांतच वाढले. चर्च मला परकं कधीच नव्हतं, हे आधी सांगते.

२०२२ मध्ये आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चच्या सभासदांत) कमिटीच्या निवडणुकीवरून दोन गट पडले. हिशोब दाखवा, नाही दाखवत, असं वर्षभर चाललं होतं. एका रविवारी शेवटचं गीत चालू असताना दानाची पिशवी कुणी मोजायची यावरून दोघे जण उठले. लाकडी दांडीची लाल मखमली पिशवी. एकाने दांडी धरली, दुसऱ्याने पिशवी. शिवण उसवली आणि नाणी बाकांखाली घरंगळत गेली. पेटी वाजवणाऱ्या मुलाला बहुधा कळलंच नाही, त्यामुळे गीताची चाल चालूच राहिली आणि वर आरडाओरडा. माझा मुलगा तेव्हा १३ वर्षांचा. तो वाकून नाणी गोळा करायला लागला. मूठभर झाली तेव्हा माझ्यापुढे हात धरून म्हणाला, "मम्मी, ही आता कुणाला द्यायची?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर आम्ही गेलो नाही. पुढच्या सहा महिन्यांत मंडळीतून मला दोन फोन आले, दोन्ही मतदानासाठी.

श्रद्धा सोडली असं कृपा करून समजू नका. रविवारी सकाळी आम्ही हॉलमध्ये सतरंजी टाकून बसतो. एक स्तोत्र, आळीपाळीने वचनं, एखादं गीत, मग प्रार्थना. दशांश (कमाईचा दहावा भाग) बाजूला काढतो आणि त्यातून आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या मुलीची फी भरतो. माझी स्वतःची प्रार्थना तर पूर्वीपेक्षा खरी झाली आहे, कारण आता ती कुणाला ऐकू जायची नसते. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशूनेच सांगितलंय की खोलीत जा, दार लाव आणि गुप्तपणे प्रार्थना कर. शोमरोनी बाईलाही त्याने सांगितलं की बापाची भक्ती या डोंगरावर की यरुशलेमात, हा प्रश्नच उरणार नाही. ही वचनं मी मनापासून धरून आहे.

पण आई. ती रविवारी सहाला उठते. अंघोळ करते, बारीक काठाची पांढरी साडी नेसते, "उपासना संगीत" हे गीतांचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालते (बांधणी सुटली आहे, पानं निसटतात) आणि खुर्चीत बसून राहते. एका शब्दाने काही म्हणत नाही. आमच्या सतरंजीवरच्या उपासनेत गाते, आमेन म्हणते. साडेनऊला, तिकडे उपासना सुरू होण्याच्या वेळी, परत खुर्चीत जाऊन पुस्तक उघडते. साडी दुपारी बदलते.

मागच्या महिन्यात पहिल्या रविवारी तिने मला विचारलं, "बाई, मला भाकर कधी मिळायची गं?" भाकर म्हणजे प्रभुभोजन. येशूने शेवटच्या जेवणात भाकर मोडली आणि प्याला दिला, त्याच्या आठवणीत मंडळीने मिळून घेण्याचा विधी. आमच्याकडे तो दर महिन्याच्या पहिल्या रविवारी असतो. माझ्या नवऱ्याने चांगल्या मनाने सुचवलं की घरीच करू, चपाती आणि द्राक्षाचा रस ठेवू. आईने मान हलवली. म्हणाली, "आपल्याच हाताने आपणच घ्यायची ती भाकर नव्हं. ती कुणीतरी द्यावी लागते."

लॉकडाऊनमध्येही ती असंच म्हणाली होती. मोबाइलवरच्या उपासनेला डोक्यावर पदर घेऊन बसायची, प्रभूच्या प्रार्थनेला उभी राहायची, पण प्रभुभोजनाचा विषय निघाला की "मोबाइलातून भाकर येत नाही". १६ नोव्हेंबर २०२० ला पाडव्याच्या दिवशी राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली आणि त्या रविवारी ती मास्क लावून सगळ्यांच्या आधी दारात उभी होती.

आणखी एक. तिच्या बायबलच्या कव्हरात मला मंडळीच्या वर्गणीच्या पावत्या सापडल्या. तिन्ही वर्षांच्या. शेजारच्या काकूंच्या हाती गुपचूप पैसे पाठवत होती. विचारलं तर म्हणाली, "नाव कापलं तर मला पुरतील कुठं?" आमच्या मंडळीत दफनभूमीची जागा सभासदांनाच मिळते. तीन वर्षं तिच्या मनात हे होतं आणि मला पत्ता नव्हता. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

तर मला मनापासून सांगा, ख्रिस्ती म्हणून जगायला चर्चला जावंच लागतं का? मी जे करतेय ते येशूपासून दूर जाणं आहे का? आणि तसं नसेल, तरी आईला मी कशापासून तोडतेय? मुलगा आता १६ चा आहे, त्याच्या दृढीकरणाचं (मोठेपणी मंडळीसमोर स्वतः श्रद्धा कबूल करण्याच्या विधीचं) बोलणं काढलं की उठून जातो. त्याच्यावर जबरदस्ती मला नको आहे. आईचं मात्र लवकर काहीतरी करायला हवं.

*

प्रतिसाद १

ताई, मी वसईची, कॅथलिक. आमच्यात नियम स्पष्ट आहे, रविवारी मिस्सा (आमची उपासना) बंधनकारक. पण आजारी माणूस, फार म्हातारं माणूस किंवा त्यांची देखभाल करणारं कुणी असेल तर त्यांना हे बंधन लागू नाही. आणि जे येऊ शकत नाहीत त्यांच्याकडे कम्युनियन (तुमचं प्रभुभोजन) घरी जातं. माझ्या सासूबाई शेवटची चार वर्षं देवळात जाऊ शकल्या नाहीत (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो). फादर किंवा नेमलेलं कुणीतरी घरी यायचं. त्या दिवशी त्या सकाळपासून दाराकडे डोळे लावून असायच्या. तुमच्याकडे अशी सोय नक्की असेल, विचारून बघा. आईंना माझा नमस्कार सांगा.

*

प्रतिसाद २

मी अकरा वर्षं चर्चला गेलो नाही. कारण तुमच्यासारखंच, तपशील वेगळे. पहिली दोन-तीन वर्षं खरंच शांततेची होती. नंतर एक गोष्ट हळूहळू लक्षात आली: माझ्या प्रार्थनेत माझीच माणसं उरली होती. बायको, मुलं, माझी नोकरी, माझा रक्तदाब. चर्चमध्ये असताना ज्याचं तोंड पाहावंसं वाटत नव्हतं त्याच्या मुलाच्या ऑपरेशनसाठीही मी प्रार्थना करायचो, कारण पाळक (चर्चचे धर्मगुरू) नाव वाचायचे. घरी ते नाव कोण वाचणार? हे मी तुम्हाला परत जा म्हणून सांगत नाही. मी स्वतः अजून नियमित नाही. पण शनिवारी संध्याकाळी आम्ही चार कुटुंबं एकमेकांच्या घरी जमतो, त्यातलं एक मला मुळीच आवडत नाही. ते असलेलं बरं आहे.

*

प्रतिसाद ३

माझे वडील पाळक होते, चाळीस वर्षं मंडळीत भांडणंच बघत आलोय. त्यामुळे तुमचं जे तुटलं ते मला कळतं.

"मंडळी" हा शब्द बघा. नव्या करारातल्या ग्रीक शब्दाचा अर्थ इमारत नाही, बोलावून जमवलेली माणसं. मराठी बायबलने तिथे "मंडळी" लिहिलं, फार छान केलं. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांच्या घरातल्या मंडळीला प्रेषित पौल सलाम पाठवतो. तेव्हा सतरंजीवर बसणारे तुम्ही काही कमी दर्जाचे नाही.

पण भांडणाचं म्हणाल तर करिंथकरांस पहिल्या पत्राचा ११ वा अध्याय आईंबरोबर बसून वाचा. तिथे प्रभुभोजनातच गोंधळ. एक जण उपाशी, दुसरा प्यालेला, गट पडलेले. पौल तर सरळ म्हणतो की तुमच्या जमण्याने चांगलं होण्याऐवजी वाईट होतंय. तरीही जमणं बंद करा असं तो म्हणत नाही. जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा, असं म्हणतो.

अशा चर्चेत ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं नाव हमखास निघतं. टिळकांनी १९१७ मध्ये मिशन सोडलं, मग आम्ही का नाही? सोडलं हे खरं. पण सोडून ते एकटे बसले नाहीत. "देवाचा दरबार" उभा केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही. मिशनची चौकट त्यांना नको होती, माणसं हवीच होती. मुक्तिफौजेचं (साल्व्हेशन आर्मीचं) उदाहरण तर तुमच्या नगरमधलंच. त्यांच्यात बाप्तिस्मा नाही, प्रभुभोजन नाही, पण रविवारी जमणं आहे. हे मला नेहमी विचार करायला लावतं.

आता कामाचं. प्रश्न दोन आहेत, ते वेगळे ठेवा. तुमचा निर्णय तुमच्या गतीने होऊ द्या. आईंचा याच महिन्यात होऊ शकतो. वृद्ध आणि आजारी सभासदांना पाळक घरी येऊन प्रभुभोजन देतात, तो त्यांच्या कामाचाच भाग आहे. तुमच्या मंडळीतल्या पाळकांना बोलवायला जड जात असेल तर जवळच्या दुसऱ्या मंडळीतल्या पाळकांशी बोला. १९७० साली नागपुरात सहा वेगवेगळे चर्च-पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं; तुम्ही त्यातल्या असाल तर एका मंडळीतून दुसरीत सभासदत्वाचं पत्र घेऊन जाता येतं. दफनभूमीचं मात्र पत्र घेण्याआधी लेखी विचारून घ्या. आणि पावत्या जपून ठेवा, आईंनी शहाणपणाच केलाय.

मुलाला काही शिकवायला जाऊ नका. त्याने नाणी गोळा केली होती. मंडळी म्हणजे काय हे त्या दिवशी चर्चमध्ये त्यालाच कळलं होतं.

*

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटच्या प्रतिसादातलं नाण्यांचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. मुलालाही वाचायला दिलं. तो काही बोलला नाही, पण मोबाइल लगेच परत केला नाही.

माझ्या स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. घरच्या उपासनेत माझी प्रार्थना खरी झाली हे मी अजूनही म्हणेन. पण प्रतिसाद २ वाचल्यावर या रविवारी आठवून पाहिलं, तर तीन वर्षांत मी त्या दोघांचं, पिशवी ओढणाऱ्यांचं, नाव एकदाही प्रार्थनेत घेतलं नव्हतं. या रविवारी घेतलं. जड गेलं.

काल दुसऱ्या एका मंडळीतल्या पाळकांना फोन केला. मी कारणं सांगायला लागले तर ते म्हणाले, "ते नंतर, आईंचं नाव काय आणि पायऱ्या किती आहेत?" पाळकांचेच गुडघे दुखतात. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे म्हटलं. ते येत्या गुरुवारी संध्याकाळी पाचला येणार आहेत.

आईला सांगितलं. तिने आधी पदर डोळ्यांना लावला आणि मग विचारलं, टेबलावर घालायला पांढरा कपडा आहे का, धुतलेला, डाग नसलेला. आमच्याकडे सगळे टेबलक्लॉथ फुलाफुलांचे आहेत, उद्या नवीन आणते. कुणाच्या घरी असं प्रभुभोजन झालं असेल तर अजून काय तयारी लागते ते सांगा. प्याला आणि भाकर पाळक आणतात की आपण ठेवायची? आणि नवरा, मुलगा आजूबाजूला असले तर चालतं का, की फक्त घेणाऱ्यांनीच बसायचं?