ट्रॉलरवरील बॅटरी व स्टार्टरच्या जोडण्यांसाठी इन्सुलेटिंग टोप्या (टर्मिनल बूट) : कोणत्या घ्याव्यात?

मांडवीकाठ, बेती

नमस्कार. आमचा ट्रॉलर मालीम जेटीवर असतो. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात इंजिनाच्या खणातील सगळी वायरिंग तपासून घ्यावी, असे यंदा ठरवले आहे. बोटीवर १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट घेतले आहेत आणि तेथून जाड केबल स्टार्टरकडे जाते. बॅटरीच्या धन टर्मिनलवर, स्टार्टरच्या सोलेनॉइडच्या (विद्युतचुंबकी स्विचच्या) बोल्टवर आणि आल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) मुख्य बोल्टवर लाल पीव्हीसीच्या टोप्या होत्या. बॅटरीवरच्या टोप्या अजून मऊ आहेत, पण इंजिनाजवळच्या कडक होऊन चिरल्या आहेत आणि एक तर हात लावताच तुकडे होऊन पडली. त्या उघड्या बोल्टला आणि इंजिनाच्या ब्लॉकला एकाच वेळी पान्हा लागून मोठी ठिणगी उडाली. खलाशाचा हात थोडक्यात वाचला, म्हणून हा विषय आता पुढच्या वर्षावर ढकलायचा नाही.

माझे प्रश्न असे : इंजिनाजवळ कोणत्या पदार्थाची टोपी टिकते, माप कसे घ्यावे, आणि केबल न काढता बसणारी चिरेची टोपी घेतली तर चालेल का? वास्कोतील एका स्नेह्यांचे म्हणणे आहे की विमानात वापरतात त्या दर्जाच्या टोप्या घ्याव्यात. तेवढा खर्च करण्यासारखा आहे का, हेही जाणकारांनी सांगावे.

दर्यादीप, वास्को

जहाजांच्या विद्युत कामात माझा बराच काळ गेला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपल्याकडे जी ठिणगी उडाली ती नेमक्या त्याच जागी उडाली जिथे टोपीची गरज सर्वांत जास्त असते. बोटीवरच्या बाकीच्या बहुतेक तारा फ्यूजमधून जातात, त्यामुळे कुठे शॉर्ट झाले तर फ्यूज उडतो आणि प्रकरण तिथेच थांबते. बॅटरीकडून स्टार्टरकडे जाणाऱ्या केबलला मात्र बहुतेक ठिकाणी फ्यूज नसतो, कारण स्टार्टर सुरू होताना शेकडो अँपिअर ओढतो. अमेरिकेतील बोटींच्या ‘एबीवायसी’ मानकातही या केबलला फ्यूजच्या सक्तीतून सूट आहे. मोठ्या शिसे-आम्ल बॅटरीतून थेट शॉर्टमध्ये हजारावर अँपिअर वाहू शकतात आणि पान्हा क्षणात लाल होतो. त्या बोल्टवर फ्यूज नाही, म्हणून तिथे टोपीच संरक्षण आहे, असे समजून ती निवडावी.

आता पदार्थाविषयी. पीव्हीसी मऊ राहते ती तिच्यात घातलेल्या मृदुकारकामुळे. उष्णतेने आणि तेलाने तो द्रव हळूहळू निघून जातो आणि उरते ते ठिसूळ प्लास्टिक. साधारण पीव्हीसी ७० ते १०५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या वापरासाठी बनवतात, त्यामुळे बॅटरीच्या पेटीत ती वर्षानुवर्षे टिकते आणि एक्झॉस्टजवळ एका हंगामात संपते. आपल्या बोटीवर दिसले ते हेच. सिलिकॉन रबर २०० अंशांपर्यंत मऊ राहते आणि थंडीतही कडक होत नाही, पण ते लवकर फाटते आणि डिझेल किंवा इंजिन ऑइलमध्ये सतत भिजले की फुगते. निओप्रीन रबर १०० अंशांच्या आसपासपर्यंत चालते, तेल बऱ्यापैकी सोसते आणि ज्योत बाजूला केल्यावर स्वतःहून विझते. तेलाला सर्वांत चिवट नायट्राइल रबर, मात्र ऊन आणि ओझोन लागला की त्याला भेगा जातात.

माझा स्पष्ट सल्ला : बॅटरीवर चांगली मऊ पीव्हीसी, स्टार्टरवर निओप्रीन, कारण ट्रॉलरवर स्टार्टर खाली असतो आणि त्यावर तेल ठिबकतेच. आल्टरनेटर वर आणि कोरडा असेल तर तिथे सिलिकॉन.

माप बोल्टचे नव्हे, केबलचे घ्यावे. ७० चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलची बाहेरची जाडी इन्सुलेशननुसार बदलते, म्हणून व्हर्निअर लावून प्रत्यक्ष मोजावे आणि टोपीची शेपटी (केबल आत जाते ती नळी) त्याहून किंचित अरुंद घ्यावी, म्हणजे ती केबलला घट्ट धरते. लगचा (केबलच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडतुकड्याचा) डोळा, नट आणि वॉशर मिळून टोपीच्या डोक्यात सहज मावले पाहिजे. ताणून बसवलेली टोपी तिथूनच फाटते. शेपटीची दिशाही पाहावी. केबल बोल्टला सरळ येते की काटकोनात, यावर सरळ किंवा वळणाची टोपी ठरते, आणि चुकीच्या दिशेची टोपी कंपनाने सरकत सरकत धातू उघडा पाडते. एकसंध टोपी लग क्रिंप करण्याआधी (दाबून बसवण्याआधी) केबलमध्ये ओवावी लागते. लग आधीच बसवलेला असेल तर चिरेची टोपी चालेल, पण ती केबल टायने बांधल्याशिवाय इंजिनाजवळ ठेवू नये.

कुटबणकर, बेतूल

एक गोष्ट राहून जाऊ नये म्हणून लिहितो. २४ व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या जोडताना मधली जी छोटी केबल असते, तिची दोन्ही टोके बहुतेक जण उघडी ठेवतात. त्यातले एक टोक ऋण टर्मिनलवर असते, म्हणून ते निर्धोक वाटते. पण इंजिनाच्या तुलनेत त्या केबलवर १२ व्होल्ट असतात आणि तिथून पान्हा इंजिनाला किंवा लोखंडी तळाला टेकला की एका बॅटरीचा पूर्ण शॉर्ट होतो. त्यामुळे मधल्या केबलच्या दोन्ही टोकांनाही टोपी हवी. काळी टोपी फक्त इंजिनाला जोडलेल्या शेवटच्या ऋण टर्मिनलवर ठेवावी, म्हणजे पाहणाऱ्याची फसगत होत नाही.

हवाईतंत्री, चिखली

दाबोळी विमानतळाजवळ राहत असल्यामुळे विमानाच्या दर्जाविषयी असे प्रश्न मला वारंवार विचारले जातात. विमानाचा दर्जा म्हणून एकच पदार्थ नसतो, हे प्रथम सांगायला हवे. विमानातही टोपीचे रबर तिच्या आजूबाजूला काय आहे त्यावरून ठरते. मोठ्या प्रवासी विमानांच्या हायड्रॉलिक यंत्रणेत फॉस्फेट एस्टरचे तेल असते. ते निओप्रीन आणि नायट्राइल दोघांनाही खराब करते, म्हणून तिथे ईपीडीएम नावाचे रबर वापरतात. हेच ईपीडीएम इंधनात फुगते, म्हणून इंधनाजवळ फ्लुओरोसिलिकॉन लागते. आपल्या ट्रॉलरवर या दोन्हींपैकी कशाचीच गरज नाही. उलट ईपीडीएमची टोपी डिझेलच्या ठिबकण्याखाली बसवली तर ती पीव्हीसीहूनही लवकर बिघडेल.

विमानातून घेण्यासारखी गोष्ट आहे ती आगीबाबतची काळजी. १९९८ मध्ये स्विसएअरचे १११ क्रमांकाचे विमान कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाजवळ समुद्रात कोसळले आणि २२९ जणांचा मृत्यू झाला. कॅनडाच्या तपासात असे आढळले की बहुधा वायरिंगमधील ठिणगीने आजूबाजूच्या उष्णतारोधक वेष्टनाने पेट घेतला आणि आग छताच्या आतून पसरली. ठिणगी उडालीच तर तिच्या भोवतीचा पदार्थ आगीला खाद्य पुरवणार नाही, हे पाहण्याची दृष्टी अशा अपघातांतून अधिक कडक झाली. २००७ मध्ये अमेरिकेच्या विमान नियामकाने मोठ्या विमानांची वायरिंग, तिच्यावरील वेष्टने व टोप्या यांना एक स्वतंत्र यंत्रणा मानून नियम केले. पीव्हीसी जळताना दाट धूर आणि हायड्रोजन क्लोराइड वायू सोडते, म्हणून विमानाच्या बंद जागेत ती टाळतात. ट्रॉलरचा इंजिनखणही बंदच असतो, तेव्हा तिथे पीव्हीसी न ठेवण्यास हेही एक कारण आहे.

जो जास्तीचा पैसा लागतो तो बराचसा कागदांचा असतो. विमानावरचा प्रत्येक भाग मान्यताप्राप्तच असावा लागतो आणि तो कुठून आला याचा दाखला सोबत असावा लागतो. बोटीला त्याची आवश्यकता नाही.

विमानातील एक सवय मात्र जरूर घ्यावी : टोपी दिसली म्हणजे जोडणी ठीक आहे, असे मानत नाहीत. तपासणीत टोपी मागे सारून नट, लग आणि केबलचे टोक पाहतात. उष्णतेने काळवंडलेला लग टोपीखाली महिनोन्‌महिने लपून राहतो, आणि ढिल्या नटाची पहिली खूण बहुधा टोपीच्या आतल्या बाजूलाच, करपलेल्या डागाच्या रूपात दिसते.

मांडवीकाठ, बेती

दर्यादीपबाब, कुटबणकरबाब, हवाईतंत्री, आपले मनापासून आभार. मधल्या केबलचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नसता. दोन शंका उरल्या आहेत. खाऱ्या हवेमुळे लगवर हिरवा कळंक येतो. टोपी सिलिकॉनच्या सीलंटने बंद करून टाकली तर तो थांबेल का? आणि दुकानदार ‘यूएल ९४’ असे लिहिलेल्या टोप्या दाखवतो, त्यावरून काय समजावे?

दर्यादीप, वास्को

सीलंट भरू नये. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन सीलंट सुकताना ॲसेटिक आम्ल सोडतो आणि ते तांब्यालाच खाते. शिवाय बंद केलेल्या टोपीत शिरलेला ओलावा बाहेर पडत नाही. टोपी पाण्यापासून पूर्ण बचाव करण्यासाठी नसते, तिने पान्हा आणि सुटी तार अडवायची असते. ओलाव्याचा बंदोबस्त तिच्या खाली करावा. कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची केबल घ्यावी, लग क्रिंप केल्यावर त्याच्या नळीवर आणि केबलच्या इन्सुलेशनवर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आकसणारी) नळी चढवावी, म्हणजे केबलच्या तारांतून खारे पाणी आत ओढले जात नाही. नट आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्यावा. नट आवळण्याआधी संपर्काच्या पृष्ठभागात ती भरू नये. शक्य तिथे टोपीची शेपटी खाली राहील अशी केबल न्यावी, म्हणजे ठिबकलेले पाणी आत साचत नाही. सिलिकॉनच्या टोपीत सिलिकॉन ग्रीस घालू नये. त्याने तेच रबर फुगते.

‘यूएल ९४’ ही ज्वलनाची चाचणी आहे, पण नुसत्या त्या आकड्याला अर्थ नाही, पुढचे अक्षर पाहावे. ‘व्ही-०’ म्हणजे त्या पदार्थाच्या उभ्या धरलेल्या पट्टीची ज्योत, आग काढून घेतल्यावर, १० सेकंदांत विझते आणि तिच्यातून पेटते थेंब पडून खालचा कापूस पेटत नाही. ‘एचबी’ म्हणजे आडवी पट्टी फक्त सावकाश जळते. इंजिनखणासाठी ‘व्ही-०’ मागावी आणि ती श्रेणी किती जाडीच्या पट्टीवर मिळाली आहे हेही विचारावे, कारण पातळ टोपीला जाड पट्टीचा निकाल लागू होत नाही.

बॅटरीच्या झाकणातील हवेची भोके कोणत्याही टोपीने झाकली जाणार नाहीत, हेही पाहावे. चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की तो पेट घेऊ शकतो.

काम सुरू करताना इंजिनाला जोडलेली ऋण केबल सर्वांत आधी काढावी आणि सर्व टोप्या जागेवर बसवून झाल्यावरच ती सर्वांत शेवटी जोडावी.