खाऱ्या टाकीत नवा मासा: तासभर ठिबक कशासाठी?

शिंपला (धागाकर्ता)

नव्या माशाला टाकीच्या पाण्याची हळूहळू सवय व्हावी म्हणून पिशवी उघडायची, मासा पाण्यासकट बादलीत ओतायचा, एअर पंपाच्या बारीक नळीला गाठ मारून टाकीचं पाणी सेकंदाला दोन-चार थेंब सोडायचं आणि तासभर बघत बसायचं. खाऱ्या टाकीवाले हे सोवळ्यासारखं पाळतात. माझं मत स्पष्ट आहे: चेन्नईहून रात्रभर प्रवास करून आलेल्या माशाला हे ठिबक मारतं.

बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच (आम्लतेचा अंक; पाणी आम्ल झालं की तो घटतो) उतरतो. अमोनियाही साठतो, पण उतरलेल्या पीएचमुळे तो बहुतेक अमोनियमच्या रूपात राहतो, फारसा बाधत नाही. पिशवीचं तोंड उघडलं की वायू उडतो, पीएच चढतो आणि त्याच अमोनियमचा विषारी अमोनिया होऊ लागतो. पीएच एका अंकाने चढला की विषारी वाटा जवळपास दहापट होतो. आता ठिबकाचा हिशेब करा. पाणी दुप्पट झालं, एकूण अमोनिया निम्मा झाला, पण पीएच ६.८ वरून ७.८ वर गेला. म्हणजे मासा आधीपेक्षा पाचपट विषात, तेही बादलीत कोंडलेला. कल्ले भाजतात, दोन दिवसांनी मासा आडवा होतो आणि शिव्या दुकानदाराला.

माझी पद्धत अशी. दिवे बंद. पिशवी न उघडता क्वारंटाइन टाकीत (नव्या माशाला काही दिवस वेगळं ठेवायच्या टाकीत) २० मिनिटं तरंगत ठेवायची, म्हणजे तापमान जुळतं. मग तोंड कापून रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता, म्हणजे खारटपणा, मोजायची (आकडे सापेक्ष घनतेचे, गोडं पाणी १.०००). टाकीशी फरक ०.००२ च्या आत असेल तर मासा प्लास्टिकच्या डब्यात धरून थेट टाकीत. पिशवी कापल्यापासून पाच मिनिटांत काम संपलं पाहिजे. पिशवीतलं पाणी मोरीत, टाकीत एक थेंबही नको.

ओहोटी

हिशेब बरोबर, पण निष्कर्ष सरसकट आहे. गावातल्याच दुकानातून मासा पाऊण तासात घरी आला, तर पिशवीत अमोनिया साठायला वेळच मिळालेला नसतो आणि पीएचही फारसा उतरलेला नसतो. तिथे ठिबकाने कुणाचं काय बिघडतं?

खरा मुद्दा क्षारतेचा आहे. बरीच दुकानं पाणी १.०१८ ते १.०२० वर ठेवतात. मीठ वाचतं, परजीवी दबतात असाही समज आहे (दबत नाहीत, पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी क्रिप्टोकॅरिऑन मारायला १.००९ पर्यंत उतरावं लागतं). घरची टाकी १.०२५ ला. समुद्री माशाच्या अंगातलं मीठ समुद्राच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर झिरपत असतं. तो पाणी पितो आणि कल्ल्यांतून मीठ बाहेर टाकतो. क्षारता एकदम वाढली की ही यंत्रणा मागे पडते आणि मासा पाण्यात राहून सुकतो. खाली उतरणं त्याला सोपं, वर चढणं अवघड. "पाच मिनिटांत थेट टाकीत" एवढंच वाचून कुणीतरी १.०१९ चा मासा १.०२५ मध्ये सोडणार, हे लिहून ठेवा.

कोळंबी, तारामासा, समुद्री साळू यांना तर अंगातलं मीठ वेगळं राखणं माशांइतकं जमतच नाही. त्यांना दोन ते तीन तास ठिबक हवंच.

शिंपला

कोळंबी-ताऱ्यांबाबत सहमत, धागा माशांचा आहे.

पण क्षारतेसाठी ठिबक हा इलाजच नाही. पिशवीत दोन लिटर १.०१९, त्यात दोन लिटर १.०२५ सोडलं की १.०२२ झालं. अर्धं ओतून पुन्हा दुप्पट केलं की १.०२३५. म्हणजे तासाभरात ०.००४५ चढवलं. याला सावकाश म्हणायचं? चढण दिवसाला ०.००१, फार तर ०.००२ हवी. ती बादलीत होणार नाही, क्वारंटाइन टाकीतच होईल. म्हणून मासा टाकीशी नाही, टाकी माशाशी जुळवायची. दुकानदाराला आदल्या दिवशी फोन करून क्षारता विचारा, आणि तरी पिशवी मोजा.

नवखा_दर्यावर्दी

६० लिटरची क्वारंटाइन १.०२५ ला आहे. १.०१९ ला आणायची तर नेमकं काय करायचं? आणि परत चढवताना?

शिंपला

१.००० च्या वर पंचवीस आहेत, त्यातले सहा उतरवायचे. सहा भागिले पंचवीस, म्हणजे २४ टक्के. साडेचौदा लिटर पाणी काढा, तेवढंच आरओ-डीआयचं (गाळून सगळे क्षार काढलेलं) पाणी घाला. पिण्याच्या आरओत खनिजं परत मिसळली जातात, म्हणून टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजून घ्या. चढवताना ०.००१ साठी ६० लिटरला साधारण ८० ग्रॅम समुद्री मीठ, ते आधी वेगळ्या पाण्यात विरघळवून दिवसातून दोन हप्त्यांत. सहा-सात दिवस लागतील. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) प्रमाणद्रावणाने जुळवून घ्या. काट्याच्या हायड्रोमीटरला बुडबुडा चिकटला तर तो क्षारता जास्त दाखवतो, टिचकी मारून मगच वाचा.

सुकाणू

सगळे क्वारंटाइन गृहीत धरून बोलताय. वन बीएचकेत दुसरी टाकी, दुसरा हीटर, दुसरं सगळं? शिवाय बहुतेक क्वारंटाइन टाक्या म्हणजे कोरी काच आणि कालच विकत आणलेला स्पंज फिल्टर. त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू नाहीत, तिसऱ्या दिवशी अमोनिया अर्ध्या पीपीएमला (दहा लाखांत अर्धा भाग). पिशवीतल्या विषातून काढून टाकीतल्या विषात. नीट बसलेली मुख्य टाकी, भरपूर लाइव्ह रॉक (जिवाणू मुरलेला खडक) आणि पोटभर खाणं यात मासा लवकर सावरतो.

ओहोटी

कोऱ्या स्पंजबद्दल शंभर टक्के बरोबर. तो तीन-चार आठवडे मुख्य टाकीच्या सम्पमध्ये (फिल्टरच्या हौदात) मुरवायचा. ज्याला एवढा धीर नाही त्याने मासाच आणू नये.

मुख्य टाकीत थेट सोडायला मात्र कडाडून विरोध. क्रिप्टोकॅरिऑन माशावरून गळून वाळूत-खडकात कोश करतो. बरेचसे कोश महिन्याभरात फुटतात, पण ७२ दिवसांपर्यंत तग धरल्याची नोंद आहे. म्हणूनच टाकी ७६ दिवस बिनमाशांची ठेवायला सांगतात. एका टँग माशापायी सगळे मासे उपसून अडीच महिने दुसरीकडे ठेवायचे, तेव्हा वन बीएचकेत जागा कुठून येणार?

आणि क्रिप्टोकॅरिऑन निदान वेळ तरी देतो. अमायलूडिनियम, म्हणजे मखमली रोग, दोन-चार दिवसांत टाकी साफ करतो. मासा धापा टाकत पंपाच्या झोतात तोंड धरून उभा राहिला आणि उजेडाला घाबरायला लागला, तर अंगावर ठिपके शोधत बसू नका.

सुकाणू

मग काय, आल्या आल्या पाण्यात तांब्याचं औषध? मँडरिन आणि छोटे एंजल मासे तांब्याने खाणं सोडतात. रोग नसताना औषध देऊन मारण्यात काय शहाणपण?

शिंपला

आल्या दिवशी नाहीच. मासा दोन-तीन दिवस नीट खायला लागला की मगच. चिलेटेड (रसायनाने बांधलेलं) तांबं दोन दिवसांत हळूहळू २ ते २.५ पीपीएमवर न्यायचं आणि ३० दिवस टिकवायचं. रोज तपासायचं, तेही चिलेटेड मोजणाऱ्या किटने. त्या टाकीत खडक, वाळू, शंख काही नको, ते तांबं शोषतात. लपायला पीव्हीसीचे एल्बो पुरेत. मँडरिनसारख्यांना टाकीबदल पद्धत: दर ७२ तासांनी कोरड्या केलेल्या नव्या टाकीत, बारा दिवसांत चार वेळा. क्रिप्टोकॅरिऑनवर चालते, मखमलीवर नाही.

बंदरावरचा

पाण्याची जुळवाजुळव झाली, शेजाऱ्यांची कोण करणार? क्वारंटाइनमधून तंदुरुस्त निघालेला मासा मुख्य टाकीत पहिल्या तासाला भांडखोर डॅमसेल माशाच्या तोंडी जातो. जाळीचा डबा आतल्या काचेला लावून नव्याला त्यात तीन-चार दिवस ठेवा. जुने डब्यावर धडका द्यायचं थांबले, नवा डब्यात खायला लागला, की दिवे मालवल्यावर सोडा. टँग असेल तर बाहेरून आरसा लावा, जुना टँग स्वतःशीच भांडत बसतो. डॅमसेल मुळात सगळ्यात शेवटी आणायचा असतो, पण स्वस्त म्हणून पहिला तोच येतो. आणि टँग, एंजल, लायनफिश यांना कापडी जाळीत पकडू नका, काटे अडकतात. डबाच वापरा.

अवांतर: "सीहॉर्सला किती वेळ ठिबक" असं विचारू नका. सीहॉर्स आणि बरेच प्रवाळ २००१ मध्ये वन्यजीव कायद्याच्या संरक्षित यादीत घातले गेले.

ओहोटी

एक तडजोड सुचवतो. पिशवी रात्रभराची असेल तर उघडल्याबरोबर अमोनिया बांधणारं द्रावण त्या पाण्यात घालायचं, आणि मगच अर्धा तास ठिबक. विषही नाही, झटकाही नाही.

शिंपला

क्वारंटाइनमध्ये आधीच तांबं असेल तर ते पाणी तिथे जाता कामा नये. तसली बरीच द्रावणं तांब्याचं रूप बदलून त्याला जास्त विषारी करतात. शिवाय अर्धा तास एसीत ठेवलेली बादली २६ अंशांवरून किती उतरते ते थर्मामीटर घालून बघा.

ओहोटी

बादलीत हीटर घालता येतो की.

शिंपला

चार लिटरच्या बादलीत १०० वॉटचा? मग ठिबकाऐवजी रस्साच होईल.