मुघल बेगमांच्या बागा: नुसती हौस का राजकारण?

रंकाळावेस:
नमस्कार मंडळी, सुट्टीत दिल्ली-आग्रा करून आलो. पोरं ताजमहालात दंग, माझं मन मात्र यमुनेपल्याडच्या रामबागेत अडकलं. बाग बाबराची म्हणतात पण नूरजहाननं १६२१ च्या सुमारास ती नव्यानं करून घेतली, तेव्हा तिचं नाव नूरअफशान. दिल्लीत परत रोशनआरा बाग! पडद्याआडच्या बायकांना बागा कशाला लागत होत्या ओ? दरबारातल्या वजनाशी काही संबंध? आणि आपल्या ताराराणींनी एवढं राज्य चालवलं, मग त्यांची अशी बाग का नाही?

जुनी_तालीम:
हौस होतीच, पण जागा बघा ना कुठली धरलीय. पेल्सार्ट म्हणून एक डच व्यापारी १६२० च्या दशकात आग्र्यात होता, तो लिहितो की पूर्वेकडनं, बंगालकडनं आलेला माल नदी उतरायच्या आधी पल्याडच्या काठावर नूरजहानची माणसं जकात घ्यायची, तिथंच तिची सराई, म्हणजे वाटसरू-व्यापाऱ्यांच्या मुक्कामाची जागा. त्याच काठाला ही बाग आणि तिच्या वडलांचा मकबरा, तोही चारबागेतच, म्हणजे पाटांनी चार भाग पाडलेल्या बागेत. जहांगीर नूरअफशानमध्ये मेजवान्या करायचा, म्हणजे बादशहा पाहुणा आणि यजमानीण बेगम. अशा वेळी कुणाचा शब्द कानावर घालायचा हे तिच्या हातात असणार असं मला तरी वाटतं. जिच्या नावाची नाणी पडत होती ती नुसत्या फुलांसाठी बाग करत नव्हती.

सिंधुताईंची_नात:
सुरुवात नूरजहानपासनं नाही हं, हुमायूनचा मकबरा बांधून घेतला त्याच्या बेगा बेगमनं, १५७० च्या सुमारास, तोही मोठ्या चारबागेत. मला सगळ्यात भारी वाटते जहानआरा, शहाजहानची लेक आणि औरंगजेबाची थोरली बहीण. १६३१ ला आई मुमताज गेली तेव्हा ही सतरा वर्षांची, आईच्या इस्टेटीतली निम्मी हिला मिळाली आणि पहिली बेगम म्हणून मान पण. चांदनी चौक, तिथली सराई आणि बेगम का बाग तिचीच, पाणी कालव्याचं. सुरतेच्या बंदराचं उत्पन्न पण तिच्याकडं होतं. आता हे आपल्याशी कुठं जुळतं बघा, १६६४ ला महाराजांनी सुरत लुटली आणि १६६६ ला ते आग्र्यात गेले तेव्हा त्यांना शिक्षा करा म्हणून औरंगजेबाच्या मागं लागलेल्यांत ही जहानआरा पण होती, सुरतेच्या जकातीचा राग! बागेचा खर्च कुठनं निघायचा आणि राजकारण कुठं शिरायचं ते यातच कळतं.

पन्हाळ्याचा_वारा:
ताराराणींचं सांगतो. १७०० ला राजाराम महाराज गेले तेव्हा त्या पंचविशीत, मुलगा चार वर्षांचा आणि समोर खुद्द औरंगजेब, पुढच्या वर्षी पन्हाळा पण मुघलांकडं गेला. चारबाग लावायची तर पाट आणायला, झाडं वाढायला निवांत वर्षं लागतात, ती त्यांना मिळालीच कधी? १७१४ ला तर त्यांच्या सवतीनं, राजसबाईंनी त्यांनाच पन्हाळ्यावर कैदेत टाकलं. पण माझ्या मते खरं कारण वेगळंय. बेगमांना स्वतःचं नाव लोकांपुढं आणायला बाग, सराई, मशीद लागायची. ताराराणी स्वतः मोहिमा ठरवत होत्या, सरदारांना हुकूम देत होत्या, पार पंचाहत्तरीत साताऱ्याला छत्रपती रामराजाला कैद करून पेशव्यांना घाम फोडला. त्यांना आडून बोलायची गरजच नव्हती.

रंकाळावेस:
सुरतेचं माहीतच नव्हतं, लै भारी. म्हणजे त्या बागा बघताना आधी विचारायचं, हिच्या हातात कुठली जकात होती. रोशनआरानं, म्हणजे जहानआराच्या धाकट्या बहिणीनं, १६५८ च्या भावाभावांच्या लढाईत औरंगजेबाची बाजू घेतली होती ना, आणि तिची कबर तिच्याच बागेत. तिचं उत्पन्न कुठनं यायचं, सांगेल का कोण?